सरळ केलेली भिंत

"तुमच्या यंत्रानं फोटोत भिंत सरळ केलीय. आता जागेवर येऊन तेवढीच सरळ करून द्या," म्हातारा गवंडी तिच्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला.

तिला हसू आलं. दुरुस्ती खात्याच्या वेबसाइटवर लोक तक्रारीचे फोटो टाकत. कुणी आडवे, कुणी तिरके, कुणी चक्क उलटे. वरची बाजू ओळखून ते सरळ करणारा प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. वर्षभरात लाखभर फोटो त्यानं सुतासारखे सरळ केले होते. कचेरीत तिला 'सरळाबाई' म्हणत, आणि तिलाही ते मनातून आवडे.

गवंड्यानं तीन वेगवेगळ्या दिवशी फोटो टाकले, तरी त्याची तक्रार मात्र तीनदा फेटाळली गेली होती. नातीच्या वर्गाची मागची भिंत झुकलीय, असं त्याचं म्हणणं. इंजिनिअरसाहेबांनी खुर्चीतूनच फोटो पाहून शेरा मारला होता : 'भिंत सरळ आहे.'

"सरळच तर दिसतेय, काका," तिनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"भिंत सोडा. दोरी बघा."

भिंतीच्या माथ्यावर खिळा ठोकून त्यानं ओळंबा सोडला होता. दोरीला टांगलेलं लोखंडी वजन स्क्रीनवर तिरकं लोंबत होतं.

"वारा असेल."

"तिन्ही दिवशी? एकाच बाजूनं?"

तिनं मूळ फोटो उघडला. दोरी सरळ होती. भिंत वीतभर कलली होती. प्रोग्रॅमनं इमानेइतबारे भिंत उभी केली होती आणि तिरकं ठरवलं होतं ते ओळंब्याला! या माणसानं चाळीस वर्षं स्वतःच्या नजरेवर भरवसा ठेवला नव्हता, दोरीवर ठेवला होता. लाखभर फोटो पाहून जे शहाणपण प्रोग्रॅमला आलं नाही, ते याच्या पिशवीत होतं.

साहेबांना शोधायला ती गेलीच नाही. तिनं थेट शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन लावला.

"त्या वर्गातली मुलं आत्ताच्या आत्ता बाहेर काढा."

"कुठल्या इंजिनिअरनं सांगितलं?"

"गवंड्यांनी. आणि त्यांचं बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी गवंड्याचा नवा फोटो आला. प्रोग्रॅमनं तो चारही बाजूंनी फिरवून पाहिला आणि पहिल्यांदाच हात टेकले : 'वरची बाजू ओळखता येत नाही.' सगळ्या विटा आणि माती. खाली गवंड्यानं लिहिलं होतं :

"पोरं मैदानात होती. हा कसाही फिरवा."