खांबापासून खांबापर्यंत

मुलींच्या खो-खोचे सामने मोबाइलवर थेट दाखवायचे ठरले, तेव्हा दुकानदाराने प्रशिक्षक हेमलताबाईंपुढे कॅमेरे, माइक, बरंच काही मांडलं. बाईंनी फक्त एक साधा स्टँड उचलला. "फोन माझाच लावीन. दोन्ही खांब दिसले की झालं."

त्या स्वतः खेळायच्या, तेव्हा आई कधीच मैदानावर आली नव्हती. बायकांनी तिथं बघायला जायचं नाही, असा वडिलांचा दंडक. हेमलता जिंकून घरी आली की आई भाकरी थापता थापता विचारायची, "आज कशी पळालीस?" मग लेक स्वयंपाकघरभर धावून दाखवायची.

आता गावी अंथरुणाला खिळलेल्या आईसमोर भाचीने मोबाइल धरला होता. सामना संपला, बाईंनी स्टँडवरून फोन काढला, तोच आईचा फोन आला.

"दिसलं का गं?"

"दिसलं की! ती उंच पोर खांबाला हात लावून कशी गर्रकन वळली! तूही अशीच वळायचीस?"

"हो, आई."

आई मग हळूच म्हणाली, "फार तर तुझे वडील ओरडले असते गं. यायला हवं होतं मी."