डिशला थोपटताना

"चरबीची डिश हातात घेतलीस की पुतळा हो," मॅडम म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. प्रयोगशाळेत आम्ही अस्थिमज्जेतली चरबी महिनाभर डिशमध्ये वाढवली होती. तिच्याआड दडलेल्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींना नवं औषध गाठतं का, ते आज कळणार होतं. डिश घेऊन सूक्ष्मदर्शकाकडे निघाले तोच इअरफोनमध्ये सासूबाईंचा आवाज आला, मागे बाळाचं रडणं. "अगं, झोपतच नाहीये हा." मी उभ्या उभ्या डोलत, शू शू करत डिश थोपटू लागले. बाळ झोपलं. चरबी मात्र तळ सोडून सायीसारखी वर आली. मॅडम मागेच उभ्या होत्या. "झोपल्या का पेशी? आता पुन्हा वाढव. चरबी वाढवायचा ताजा अनुभव आहे तुला." तुमच्याकडे कुणी बाळंतपणाच्या रजेवरून परतली असेल, तर जरा डोकावून या, हातात काय आहे ते बघा.