खोका आत कसा आला

खोका निर्जंतुक स्टोअरच्या आत होता. तोही मधल्या रॅकवर, कापडात गुंडाळलेल्या ऑपरेशनच्या हत्यारांना खेटून. मोठ्या सिस्टर दारातच थबकल्या. स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास बसेना.

ट्रकमधून आलेला पुठ्ठ्याचा खोका होता तो. तळ ओला, कडा फाटलेल्या, चिकटपट्टीवर कुठल्या कुठल्या गोदामांची धूळ. असले खोके बाहेरच्या खोलीतच फोडायचे, पुठ्ठा तिथूनच भंगारात द्यायचा आणि आतली सीलबंद पाकिटं तेवढी स्टोअरमध्ये आणायची, हा नियम त्यांनीच घालून दिला होता. पुठ्ठ्याच्या घड्यांत बसून काय काय प्रवास करत येतं, ते त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. नियम मोडणाऱ्याची तर अशी हजेरी घेत, की तो पुन्हा त्या वाटेला जात नसे.

त्यांनी खोक्यावरचं लेबल वाचलं. आत खुब्याचा कृत्रिम सांधा होता. त्यांच्याच आईसाठी मागवलेला. आई बाथरूममध्ये पडल्यापासून अंथरुणावर होती. छातीत कफ साचायला लागला होता, आता आणखी लांबवणं जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सांधा वेळेवर आला नाही म्हणून एकदा तारीख पुढे गेलीच होती.

आजूबाजूला कुणी नव्हतं. खोका उचलायचा, बाहेर नेऊन फोडायचा आणि तोंड मिटून बसायचं. कुणाला पत्ता लागणार होता? त्यांनी खोक्याला हात घातला.

तळाच्या ओल्या घडीतून एक झुरळ निघालं. मागोमाग दुसरं. मग पिल्लांची रांगच लागली. बघता बघता ती सगळी हत्यारांच्या गाठोड्यांमध्ये शिरून दिसेनाशी झाली. सिस्टरांनी खोक्यावरचा हात काढून घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. ऑपरेशन थिएटरमधली नर्स होती.

"सिस्टर, सांधा आला ना? पेशंटला आत घेतोय."

"घेऊ नका," त्या म्हणाल्या. "आजची सगळी ऑपरेशनं थांबवा. इथलं काहीही टेबलावर जाणार नाही. सगळं परत धुवायचं, परत निर्जंतुक करायचं."

"अहो, पण पहिलं नाव तुमच्या आईंचं आहे."

"माहितेय मला."

त्यांनी फोन ठेवला. ज्याने कुणी हे केलं, त्याला आज त्या सोडणार नव्हत्या. पण आधी धाकट्या भावाला सांगायला हवं होतं. तो सकाळपासून कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होता. आईचं ऑपरेशन तिच्या मुलीनेच थांबवलं, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं तेच त्यांना कळत नव्हतं.

त्यांना पाहताच तो लगबगीने पुढे आला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा खुलला होता. त्याने त्यांना बोलूच दिलं नाही.

"ताई, तू सांध्याचं टेन्शन सोड. फाटकावर गाडी आली तसा मीच खोका उचलला आणि थेट तुझ्या स्टोअरमध्ये नेऊन ठेवला. दारावरचा माणूस आधी नाहीच म्हणत होता. मी म्हटलं, मोठ्या सिस्टरांनी सांगितलंय, उशीर झाला तर तूच उत्तर दे त्यांना. तुला इतका घाबरतो गं तो, बिचाऱ्याने स्वतः दार उघडून दिलं."