डोळ्यांना विश्रांती

रबरी पाइप वायरमनच्या पोटऱ्यांवर बसला आणि नेमकी तेव्हाच टायपिस्टची स्क्रीन हिरवीगार झाली. वर अक्षरं आली: बराच वेळ काम झालं, आता डोळ्यांना विश्रांती द्या.

"साहेब, थांबा," टायपिस्ट म्हणाला. "मशीन अडलंय."

पोलिस ठाण्याच्या मागच्या खोलीत साहेबांचा हात वरच्या वर थांबला. डोळे दुखतात म्हणून लेकीने हा प्रोग्राम बसवून दिलाय, पाच मिनिटं काही चालत नाही, असं टायपिस्टने चाचरत सांगितलं. साहेब हसले. कॉम्प्युटरलासुद्धा सुट्टी, आम्हालाच तेवढी नाही, म्हणाले आणि घाम पुसत खुर्चीत बसले. त्यांची एक पद्धत होती. माराखाली माणूस हो म्हणतो आणि घोटभर पाणी प्यायला की फिरतो, म्हणून जबाब तोंडातून निघाला की गरमागरम मशीनमध्ये गेला पाहिजे. टायपिस्टची बोटं तयार नसतील तर मारायचं कशाला? फुकट मेहनत.

हवं होतं एकच वाक्य. आग मी लावली. जळालेल्या गोदामाचं वायरिंग या वायरमनने केलं होतं, आत झोपलेला पहारेकरी मेला होता आणि मालकाला लवकरात लवकर कुणीतरी दोषी हवा होता. ते वाक्य तोंडातून गेलं की जन्मभराचा तुरुंग. वायरी बदला म्हणून मीच मालकाच्या मागे लागलो होतो, एवढंच वायरमन सकाळपासून सांगत होता आणि गुरासारखा मार खात होता.

त्या पाच मिनिटांत तो भिंतीला टेकला. टायपिस्टने आपला पाण्याचा ग्लास पुढे केला. दोन्ही हातांनी धरूनही निम्मं पाणी शर्टावर सांडलं, पण धाप जरा कमी झाली. स्क्रीन पूर्ववत झाली, पाइप सुरू झाला, आणि तो पुन्हा नाहीच म्हणाला.

टायपिस्ट कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. या खोलीत बसून बसून माझे कान मेलेत, असं तो बायकोला सांगायचा. कसले मेलेत! साहेब फोन घ्यायला खिडकीशी गेले, तेव्हा त्याने गुपचूप प्रोग्राम उघडला आणि दोन सुट्ट्यांमधलं अंतर निम्म्यावर आणलं. बरं वाटलं. किती वर्षांनी!

स्क्रीन पुन्हा हिरवी झाली. साहेबांनी चहा मागवला. वायरमनने मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं, मग टायपिस्टकडे. त्याला कळलं होतं. बस, इथेच थांबायचं की नाही? पण दया एकदा अंगात शिरली की माणसाला भान राहत नाही. टायपिस्टने ते अंतर आणखी कमी केलं.

पाइप जेमतेम दोनदा वाजला असेल. साहेबांचा उरलेला चहा अजून कोमट होता, आणि स्क्रीन हिरवी झाली. साहेबांनी कपाकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं. ओरडले नाहीत. टायपिस्टच्या पाठीशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, हे काढून टाका, माझ्यासमोर. टायपिस्टने काढलं. नक्की काढायचं का, असं मशीनने विचारलं, तेव्हा त्यालाही हो म्हणाला.

"डोळे फार दुखतात ना तुमचे?" साहेबांनी पाइप त्याच्या हातात दिला. "उठा. टायपिंगला मी बसतो."

टायपिस्टची पाचावर धारण बसली. लेकीचं कॉलेज, नोकरीची राहिलेली वर्षं, सगळं डोळ्यांपुढे आलं. पहिला फटका वायरमनच्या खांद्याला नुसता लागला. माशा हाकलताय का, असं साहेबांनी खुर्चीतून विचारलं. दुसरा त्याने डोळे मिटून मारला. हात असा सुटला की त्याचा त्यालाच अंदाज आला नाही. पाइप कानशिलावर बसला, कातडी फाटली, रक्त मानेवरून कॉलरमध्ये उतरलं. आई गं, असं टायपिस्टच्याच तोंडून निघालं.

मग वायरमनने डोकं वर केलं. साहेबांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्ही नका मारू," तो टायपिस्टला म्हणाला. "आग मी लावली."

साहेब खूश होऊन कीबोर्डवर वाकले. एक बोट पुढे केलं. ते बोट बराच वेळ नुसतंच कीबोर्डवर फिरत राहिलं.

"आ कुठंय हो ह्याच्यात?"

पाइप टायपिस्टच्या हातातच होता.

"वरच्या ओळीत, साहेब," तो म्हणाला. "डावीकडे."