बाईंची शाल

‘घे गं, तुला शोभेल,’ म्हणत आईने अंगावरची शाल तिच्या खांद्यांवर घातली होती. ती हरखून आरशापुढे गेली. त्याच आठवड्यात आईने जीव दिला. आईच्या त्या आवाजासाठी तिचे कान अजून आसुसलेले असतात.

ती आता वृद्धाश्रमात सेविका आहे. खिडकीजवळच्या खाटेवरच्या मास्तरीणबाईंनी हल्ली वस्तू वाटायचा सपाटाच लावला होता. रेडिओ शेजारणीला दिला, घड्याळ स्वयंपाकीणबाईंना. ‘बाईंनी दुकान काढलंय, तेही फुकटचं,’ म्हणून सगळा स्टाफ हसायचा. ‘आता मला कशाला हवंय?’ असं बाई म्हणाल्या, की ‘अहो, अजून शंभरी गाठायचीय,’ हे उत्तर ठरलेलं. मोठ्या सिस्टरांनी बजावूनच ठेवलं होतं, मरणाबिरणाचं काही विचारायचं नाही, नसतं ते म्हाताऱ्यांच्या डोक्यात भरतं.

आज वेणी घालून झाल्यावर बाईंनी अंगावरची शाल तिच्यापुढे धरली. ‘घे गं, तुला शोभेल.’

तिचा कंगवा हातातच राहिला. तिने शाल पुन्हा बाईंच्याच अंगावर नीट पांघरली आणि खाटेच्या कडेवर टेकली.

‘बाई, जीव द्यायचं मनात येतं का तुमच्या?’

बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

‘येतं गं. रेडिओ दिला, घड्याळ दिलं. दर वेळी वाटायचं, आता तरी कुणी विचारेल. सगळ्यांनी आभारच मानले.’