साहेब घरात नाहीत

"साहेब घरात नाहीत," दार अर्धवट उघडून तो म्हणाला.

तिला हसू आलं. लाहोरच्या रंगभूमीवर तीस वर्षं त्याने हाच नोकर रंगवला होता, पाहुण्यांना दारातूनच कटवणारा. या एका वाक्यावर लोक थिएटर डोक्यावर घ्यायचे. अलीकडे मात्र तो माणसं विसरू लागला होता. निदान आपल्याला विसरू नये म्हणून ती दर्ग्यात चाळीस दिवस दिवा लावायचा नवस बोलली होती. आज चाळिसावा दिवा लावून ती परतली होती. बोटांना अजून तेलाचा वास होता.

"पुरे झाली मस्करी, मियाँ. आत येऊ द्या."

"कोण आलंय म्हणून सांगू?"

तीच ऐट, तोच आवाज. हा खेळतोय की खरंच विचारतोय, तिला कळेना. नाटकातल्या पाहुणीसारखा दुपट्टा सावरून ती म्हणाली, "सांगा, बेगम आल्यात."

"त्या दर्ग्यात गेल्यात, माझ्यासाठी दिवा लावायला." त्याने अदबीने खुर्ची पुढे केली. "बसा. येतीलच इतक्यात."

ती त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू शोधत राहिली. तो मात्र तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत पुटपुटला, "आज उशीरच केला हिने."