नववी आकृती

जुन्या गेमच्या डब्यातल्या एकेका चिपची हुबेहूब नक्कल मी कॉम्प्युटरवर उतरवत होते. मूळ चिपमध्ये एक चूक होती: पडद्यावर एका ओळीत नववी आकृती आली की ती दिसेनाशीच व्हायची.

"ती चूक दुरुस्त कर," साहेबांनी फर्मावलं. केली. तर सगळ्यात गाजलेल्या गेममधला चोर पहिल्याच गल्लीत शिपायांच्या हाती लागला. बिचारा ओळीत नववा उभा राहून त्या चुकीतच तर लपायचा! मी चूक होती तशी परत घातली.

साहेब कडाडले, "शहाणपणा पुरे. चूक काढ, नाहीतर कायमची घरी बस!"

"बसते की! या चुकीपायी घरी बसणारी आमच्याकडची मी दुसरी."

 

"आणि पहिली कोण?" साहेबांनी विचारलं.

"पहिली माझी आत्या. ही चिप तिनंच बनवली होती."